एकाने जास्त

दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी बरोबर आठ वाजता आमच्या दाराची बेल वाजते आणि बाहेर उभे असलेले ठोसरकाका विचारतात, "गेल्या महिन्यात तुमच्याकडे काही गुन्हा?"

आवाजात संशय वगैरे काही नसतो. दूधवाला "उद्या किती?" विचारतो, तितकं ते सहज असतं. हातात क्लिप लावलेला पुठ्ठा, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक शिसपेन्सिल, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत तीन इमारती आणि बेचाळीस बिऱ्हाडं आहेत, आणि काका बेचाळीसच्या बेचाळीस दारं घेतात. आम्ही इथे राहायला आलो त्या पहिल्याच महिन्यात दार मेघनाने, म्हणजे माझ्या बायकोने, उघडलं. ती बिचारी दचकून म्हणाली, "नाही हो काका, तसलं काही नाही आमच्याकडे."

"निरंक म्हणा," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"'काही नाही' असं लिहिता येत नाही, ताई. निरंक म्हणजे विचारलं, पाहिलं आणि आढळलं नाही. चौकट रिकामी ठेवायची नसते. रिकामी चौकट म्हणजे कोणाचं तरी काम राहिलेलं आहे."

मेघना निमूटपणे निरंक म्हणाली. काकांनी आमच्या नावापुढे ते लिहिलं, "आभारी आहे," म्हणाले आणि शेजारचं दार वाजवलं. मग तिने मला हिंजवडीच्या बसमध्ये फोन करून सांगितलं की आपल्या खाली तळमजल्यावर एक वेडे गृहस्थ राहतात. मी म्हटलं, पुण्यात ही काही बातमी नव्हे.

पुढे मला कळलं की ठोसरकाका छत्तीस वर्षं गुन्ह्यांचे आकडे गोळा करणाऱ्या एका सरकारी कचेरीत होते. पोलीस ठाण्याचे आकडे जिल्ह्याला जातात, जिल्ह्याचे राज्याला, राज्याचे दिल्लीला, आणि शेवटी साऱ्या देशाचा एक जाडजूड अहवाल निघतो. या लांबलचक नळाच्या मधल्या एका वळणावर काकांचं टेबल होतं. निवृत्त होऊन त्यांना अठरा वर्षं झाली, पण ही बातमी त्यांनी आकड्यांना अजून कळवलेली नाही. राष्ट्रीय अहवालाची ते वर्ष वर्ष वाट बघतात. तो नेहमी उशिरा येतो. आला की काका त्याची पानं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणतात, बाइंडिंग करतात, आणि पुढचे पंधरा दिवस त्यांना कोणी भेटायला गेलेलं आवडत नाही.

मी स्वतः आकड्यांच्याच धंद्यातला. कंपनीत माझ्या हाताखाली सात माणसं आहेत आणि आम्ही दिवसभर रंगीत आलेख काढून साहेब लोकांना घाबरवत असतो. त्यामुळे सुरुवातीला मी काकांशी जरा वडिलकीनेच बोलायला गेलो. एकदा जिन्यात म्हटलं, "काका, अमुक राज्यात गुन्ह्यांचं प्रमाण फारच वाढलेलं दिसतंय. वाईट आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी पदवी परत करावीशी वाटली.

"निखिलराव," ते म्हणाले, "तिथे गुन्हे वाढले, की फिर्यादी वाढल्या?"

"म्हणजे तेच ना?"

"ते तेच कसं असेल? गुन्हा करणारा करून जातो. अहवालात येतो तो फिर्याद देणारा. तो घरातून निघतो, उन्हात चालत जातो, ठाण्याच्या पायऱ्या चढतो, बाकावर दोन तास बसतो, चार वेळा तीच हकीकत सांगतो, आणि मग कुठे तक्त्यात एकाने भर पडते. जिथे आकडा मोठा असतो ना, तिथे कधी कधी माणसांना बाकावर बसायला भीती वाटत नाही एवढाच त्याचा अर्थ असतो. लहान आकडा दिसला की मला जास्त काळजी वाटते."

मी वीस वर्षं आकडे हाताळतोय, पण आकड्याला घाम येतो आणि तो बाकावर बसतो हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलताना गप्प बसायला शिकलो.

गुन्ह्यांचे प्रकार म्हणजे काकांना आपल्या गोतावळ्यातली माणसं वाटतात. खुनाबद्दल त्यांना आदर आहे. "इमानदार आकडा," ते म्हणतात. "प्रेत लपवता येत नाही सहसा. वर्षानुवर्षं फारसा हलत नाही. हलला तर काहीतरी खरंच घडलेलं असतं." वाहनचोरीही त्यांना पसंत आहे, कारण विम्यासाठी का होईना लोक नोंद करतात. मोबाइलचोरीवर मात्र त्यांचा फार राग. "मोबाइल या देशात चोरीला जातच नाही. तो गहाळ होतो. चालत्या गाडीवरून येऊन कोणीतरी हातातून ओढतो, आणि कागदावर तो गहाळ." नवा कायदा आला तेव्हा हिसकावण्याला स्वतःचं वेगळं कलम मिळालं, तर काकांनी सोसायटीत पेढे वाटले. सेक्रेटरी बापटांनी विचारलं, "काका, कोणाचं बारसं?" काका म्हणाले, "हिसकावणी वेगळी निघाली. इतकी वर्षं चोरीच्या घरात भाड्याने राहत होती."

पण त्याच कायद्याने त्यांना दुःखही दिलं. छत्तीस वर्षं पाठ असलेले कलमांचे क्रमांक रातोरात बदलले. तीनशे दोनचं एकशे तीन झालं. चोरी तीनशे तीनवर येऊन बसली, म्हणजे काकांच्या हिशेबी खुनाच्या जुन्या पत्त्याशेजारी. आठवडाभर ते दाढी न करता दोन्ही याद्या समोर घेऊन बसले होते. मी विचारलं तर म्हणाले, "गल्लीतल्या सगळ्या दारांवरच्या पाट्या बदलल्यात. माणसं तीच आहेत. पण मला आता प्रत्येक वेळी बेल वाजवून खात्री करावी लागते."

त्यांची आणखी एक तऱ्हा म्हणजे मुख्य गुन्ह्याचा नियम. एका फिर्यादीत पाच गुन्हे असले तरी मोजताना फक्त सगळ्यात गंभीर गुन्हा धरायचा, असा तक्ते बनवणाऱ्यांचा दंडक आहे. घरात शिरून मारहाण, चोरी आणि खून झाला, तर अहवालात एकच खून दिसतो. काका हा नियम घरोघरी लावतात. एकदा मेघना त्यांच्यासमोर माझी यादी वाचत होती. गॅसचा नंबर लावला नाही, आईला फोन केला नाही, ओला टॉवेल पलंगावर, लग्नाचा वाढदिवस विसरला. काका शांतपणे ऐकून म्हणाले, "ताई, एका फिर्यादीत मुख्य गुन्हा एकच. वाढदिवस घेऊ का? बाकीचे मग आपोआप त्यात जिरतात." टॉवेलबद्दल मला त्या दिवसापासून कोणी काही बोललेलं नाही.

आमच्या अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तर त्यांनी जवळजवळ देशभक्त करून टाकलं. टाळेबंदीच्या काळात अप्पा भल्या सकाळी फिरायला निघाले आणि पोलिसांनी धरले. आदेश मोडल्याचा गुन्हा दाखल झाला. घरात सुतकी वातावरण. अप्पा शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यात त्यांच्यावर साधी शाईही सांडली नव्हती. ते आठ दिवस खिडकीतही उभे राहिले नाहीत. पुढे त्या वर्षीचा राष्ट्रीय अहवाल आला. चोऱ्या खाली आल्या होत्या, कारण चोरही घरीच आणि घरमालकही घरीच. आणि आदेश मोडण्याचा रकाना उसळून आभाळाला गेला होता. काका ते पान घेऊन वर आले आणि अप्पांसमोर उभे राहून म्हणाले, "सर, हा एवढा मोठा आकडा आहे ना, यात तुम्ही आहात." अप्पांनी चष्मा लावून तो आकडा बराच वेळ पाहिला. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा फिरायला गेले.

गेल्या वर्षी काकांनाच एक फोन आला. पलीकडचा माणूस दरडावून म्हणाला की तुमच्या नावावर गुन्हा दाखल आहे, तुम्हाला फोनवरच अटक केली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. दुसरा कोणी असता तर त्याचे हातपाय गळाले असते. काका पुठ्ठा घेऊन बसले. "ठाणं कुठलं? गुन्हा रजिस्टर क्रमांक? कलम जुनं की नवं? मुख्य गुन्हा कोणता धरलात?" पाऊण तासाने त्या माणसाने स्वतःच फोन ठेवला. तेवढ्यावर न थांबता काका ठाण्यात गेले. तिथला हवालदार म्हणाला, "काका, पैसे गेले नाहीत ना? मग कशाला?" काका म्हणाले, "प्रयत्न झाला. या जातीचे गुन्हे दर वर्षी वाढताहेत म्हणता आणि नोंद करायला आलो तर कशाला म्हणता?" तीन तास बाकावर बसून त्यांनी नोंद करवली, आणि येताना पोचपावती मला दाखवायला आणली.

या सगळ्यात एक गोष्ट मला कधीच उमगली नव्हती. घरफोडीचा तक्ता पाठ असलेला हा माणूस दिवसभर स्वतःचं दार सताड उघडं टाकून बसतो. दाराला तोंड करून खुर्ची, खुर्चीशेजारी वह्या. बापटांनी दोनदा नोटीस काढली, "तळमजल्यावरील रहिवाशांनी दारे बंद ठेवावीत. हे आवाहन एकाच रहिवाशासाठी आहे, नाव लिहायची गरज नसावी." काकांनी नोटिशीखाली "वाचले" असं लिहून सही केली आणि दार उघडं ठेवलं. एकटाच जीव. लग्न केलेलं नाही. मूळचे अमरावतीकडचे, पण पन्नासहून जास्त वर्षं इथेच काढल्यामुळे बोली अगदी पुणेरी झालेली.

गेल्या दिवाळीनंतर त्यांची नजर जायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, पडदा खराब होतोय, थांबवता येणार नाही. काका दोन कापडी पिशव्या घेऊन आमच्याकडे आले. पिशव्यांत अडतीस वह्या होत्या, एका वर्षाला एक. सगळे तक्ते हाताने उतरवलेले, आधी कचेरीत असतानाचे, मग छापील अहवालावरून. आखलेल्या रेघा, मोत्यासारखे आकडे, एकही खाडाखोड नाही.

"निखिलराव, माझे डोळे आहेत तोवर हे संगणकात जायला हवं," ते म्हणाले. "मला एकदा बघायचंय, की सगळं नीट गेलंय. नंतर दिसलं नाही तरी चालेल. माझ्यामागे या वह्या रद्दीत जातील, पण तुमच्या त्या यंत्रातून काही पुसलं जात नाही म्हणतात."

मी हो म्हटलं. त्यांनी आजवर कोणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. तीन महिने रविवार आणि सुट्ट्या घालवल्या. मेघना वाचायची, मी टाइप करायचो, अप्पा तपासायचे. आणि खरं सांगतो, ते करता करता मी थक्क होत गेलो. एवढा मोठा देश, त्यातली सगळी भांडणं, चोऱ्या, फसवणुकी, अपघात, आणि हा एक माणूस खुर्चीत बसून ते सगळं रेघांमध्ये मांडत राहिला होता. कुठे आकडा फुगला की समासात पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलेलं असे, "नोंद सुधारली असावी", "व्याख्या बदलली", "विश्वास ठेवू नये". हजारो बेरजा होत्या आणि सगळ्या बरोबर होत्या.

एक सोडून. दर वर्षाच्या वहीत एका तक्त्याची बेरीज चुकलेली निघायची. यंत्र ती चौकट लाल करायचं. दर वेळी फरक तोच. काकांची बेरीज एकाने जास्त.

आमच्या धंद्यात याला सफाई म्हणतात. चुकीचा आकडा दिसला की तो झटकन नीट करायचा आणि पुढे जायचं; विचार करायला कोणी पगार देत नाही. मी अडतीस ठिकाणी एक वजा केला, लाल चौकटी हिरव्या झाल्या, आणि मी स्वतःवर खूश झालो. सगळं छापून, बाइंडिंग करून, वर पुठ्ठ्यावर त्यांचं नाव घालून मी ते खाली घेऊन गेलो.

काकांनी भिंग घेतलं. खून, दरोडा, घरफोडी कशाकडेही न बघता ते सरळ एका पानावर गेले. हरवलेल्या व्यक्तींचा तक्ता. खालच्या बेरजेवर भिंग बराच वेळ थांबलं.

"हे कोणी केलं?"

"यंत्राने पकडलं, काका," मी हसत म्हटलं. "अडतीस वर्षांत फक्त अडतीस चुका, त्याही एकेकाच्या. कमाल आहे तुमची. सगळ्या काढून टाकल्या मी."

"काढून टाकल्या," ते म्हणाले. मग त्यांनी ते पुस्तक मिटलं आणि माझ्या हातात परत दिलं. "बरं. तुम्हाला फार त्रास झाला."

पुढच्या एक तारखेला आठ वाजले. आठ-दहा झाले. मेघनाने दार उघडून पाहिलं तेव्हा काका शेजारच्या घरातून निरंक लिहून घेत होते. त्यांनी मान वर केली नाही. आमचं दार ओलांडून ते पुढच्या दाराशी गेले. पुठ्ठ्यावर आमच्या नावापुढची चौकट त्यांनी रिकामी सोडली होती. ते मला फार लागलं. कोणी शिव्या दिल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं.

त्या रविवारी मी अडतीस वह्या दिवाणखान्यात जमिनीवर ओळीने मांडल्या आणि प्रत्येकीचं तेच पान उघडलं. हरवलेल्या व्यक्ती. पुरुष. शोध न लागलेले. त्या तक्त्यात वयाचे रकाने असतात. अठरा ते तीस, तीस ते पंचेचाळीस, पंचेचाळीस ते साठ, साठच्या वर. पहिल्या वहीत तो जास्तीचा एक अठरा ते तीसच्या खाली होता. दुसऱ्या वहीपासून तो तीस ते पंचेचाळीसमध्ये गेला आणि पंधरा वर्षं तिथे राहिला. मग पंचेचाळीस ते साठ, पंधरा वर्षं. शेवटच्या सात वह्यांत तो साठच्या वर होता.

मी गुडघ्यांवर बसून त्या वह्यांवरून दोनदा पुढे-मागे गेलो. चूक एका जागी राहते. ही दर वर्षी एका वर्षाने मोठी होत होती. चुकांचे मी नाना प्रकार पाहिले आहेत, पण जिचा वाढदिवस येतो अशी चूक मी पहिल्यांदाच बघत होतो. हा माणूस तक्त्यात कोणाला तरी वाढवत होता, आणि मी त्याला अडतीस वेळा पुसून टाकलं होतं.

दुपारी मी पहिली वही घेऊन खाली गेलो. दार उघडंच होतं. काका खुर्चीत होते.

"काका," मी म्हटलं, "ती चूक नव्हती. कोण आहेत ते?"

काकांनी वहीतल्या त्या बेरजेवर बोट ठेवलं. बोलले तेव्हा त्यांची पुणेरी भाषा कुठल्या कुठे गेली होती.

"माहा लहान भाऊ आहे जी. सुधाकर."

मग त्यांनी सांगितलं. चव्वेचाळीस वर्षं झाली. सुधाकर बावीस वर्षांचा होता, गावाकडून नोकरी शोधायला आला होता. ही इमारत तेव्हा नव्हती. याच जागेवरच्या बैठ्या घरात काकांची एक खोली होती. भोसरीला एका कारखान्यात मुलाखत होती. सकाळी दहाला तो सायकलवर निघाला.

"मले म्हणे, दादा, चार वाजेलोक येतो. दार लावू नको, माह्यापाशी किल्ली नाही." काका दाराकडे बघत म्हणाले. "आला नाही ना बाप्पा."

कारखान्यात तो पोचलाच नव्हता. सायकलही मिळाली नाही. काका ठाण्यात गेले, बाकावर बसले, चार वेळा तीच हकीकत सांगितली. नोंद झाली. वर्ष संपलं आणि त्या ठाण्याचा तक्ता फिरत फिरत त्यांच्याच टेबलावर आला. हरवलेल्यांच्या बेरजेत तो होता. "मीच केली ती बेरीज," ते म्हणाले. आता त्यांची भाषा पुन्हा कचेरीची झाली होती. "सात वर्षं केली. दर वर्षी तो होता त्यात. हाताला कळायचं. मग वस्ती वाढली, ठाण्याचे दोन भाग झाले. जुनं म्हणालं, ती हद्द आता आमची नाही. नवं म्हणालं, ती नोंद आमच्याकडे नाही. आणि त्या वर्षीची बेरीज एकाने कमी आली. दुसरं कोणाला कळलं नसतं. मी दोघांना पत्र लिहिलं, अमुक इसमाची नोंद आपल्याकडे आहे का. दोघांचं उत्तर एका शब्दाचं. निरंक."

त्यांनी खिशातली पेन्सिल काढून पुन्हा खिशात ठेवली.

"निरंक असं लिहायचं नसतं, निखिलराव. बघून लिहायचं असतं. त्यांनी बघितलं नव्हतं. म्हणून मी दारोदार विचारतो आणि मग लिहितो."

"आणि कचेरीतल्या तक्त्यात तुम्ही कधी..."

"छे. सरकारी कागद सरकारचा. त्यात मी एकाने कधी फरक केला नाही. दिवसा बरोबर बेरीज करायचो, संध्याकाळी घरी येऊन या वहीत त्याला मिळवायचो. तेवढीच एक जागा होती त्याला." त्यांनी डोळे पुसले. "मला वाटलं, यंत्रात गेला की राहील कुठेतरी. यंत्राला चालत नाही म्हणता, तर राहू द्या."

मी वर गेलो आणि लॅपटॉप आणि बाकीच्या वह्या घेऊन आलो. त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसलो. पहिल्या वर्षाचा तक्ता उघडला आणि बेरजेच्या वर एक नवी ओळ घातली.

"काका, या ओळीला नाव काय देऊ?"

त्यांनी अगदी कचेरीतल्यासारखा विचार केला. "हद्द निश्चित नाही," ते म्हणाले.

मी ते लिहिलं आणि अठरा ते तीसच्या रकान्यात एक घातला. खालची बेरीज त्यांच्या वहीतल्या बेरजेला जुळली. चौकट हिरवी झाली. मग दुसरं वर्ष, तिसरं वर्ष. काका स्क्रीनला नाक लावून, भिंगातून, एकेक चौकट बघत होते. रकाना बदलायची वेळ आली की ते माझ्या आधी म्हणत, "आता पुढच्यात घ्या." संध्याकाळपर्यंत आम्ही अडतीसाव्या तक्त्यावर आलो. सुधाकर साठच्या वर होता. सगळ्या बेरजा जुळल्या होत्या, आणि यंत्राचं आता काही म्हणणं नव्हतं.

फक्त त्या ओळीच्या शेवटी एक चौकट उरली होती. "शोध लागला." काकांच्या शिस्तीला स्मरून, आणि जरा त्यांना बरं वाटावं म्हणूनही, मी तिथे 'निरंक' लिहायला घेतलं.

काकांनी माझा हात धरला.

"ती नको," ते म्हणाले. "ती रिकामी ठेवा."

"रिकामी?"

"काम राहिलेलं आहे अजून."

मी लिहिलेली दोन अक्षरं पुसली. काकांनी भिंग खाली ठेवलं, खुर्ची जराशी सरळ केली आणि ते पुन्हा दाराकडे तोंड करून बसले. जाताना मी सवयीने दार ओढायला गेलो, आणि मग हात मागे घेतला.